एका नावाखाली दोन मासे : गालिबोरच्या पंधरा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास

कर्नाटकात कावेरीच्या काठी, भीमेश्वरी आणि अर्कावती-कावेरी संगम यांच्या दरम्यान, कावेरी अभयारण्याच्या जंगलात गालिबोर नावाचे ठिकाण आहे. गळाने मासे धरण्याची हौस असलेल्यांसाठी तेथे पूर्वी एक शिबिर चालत असे. धरलेला महसीर तोलायचा, त्याचे छायाचित्र काढायचे आणि तो जिवंत नदीत परत सोडायचा, असा तेथील शिरस्ता होता. १९९८ ते २०१२ या पंधरा वर्षांत या शिबिरात गळ टाकणाऱ्यांच्या ज्या नोंदी जमा झाल्या, त्यांचे पुढे शास्त्रीय विश्लेषण झाले आणि त्यातून कावेरीतील एका माशाची खरी अवस्था उजेडात आली. विशेष असे की याच नोंदी एका पद्धतीने वाचल्यावर नदी सुधारत असल्याचे दिसत होते आणि दुसऱ्या पद्धतीने वाचल्यावर त्याच नदीतला सर्वांत मोठा मासा नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचे दिसत होते. मी स्वतः गळ टाकतो आणि आपल्या फेऱ्यांची वही ठेवतो. म्हणून हे प्रकरण मला केवळ शास्त्रज्ञांचे वाटत नाही. वहीत काय लिहावे आणि लिहिलेले कसे वाचावे, याचा इतका स्पष्ट धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

शिबिर आणि त्याची वही

महसीर हा रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण वाहत्या, खडकाळ पाण्यात राहणारा मासा आहे. त्याचे खवले मोठे असतात, जबड्यात दात नसतात. मात्र घशात दातांच्या ओळी असतात आणि त्यांच्या जोरावर तो शिंपले, खेकडे आणि प्रसंगी गळसुद्धा चिरडतो. कावेरीवर त्याच्यासाठी नाचणीच्या पिठाचा शिजवून घट्ट केलेला गोळा आमिष म्हणून वापरला जात असे. मोठा मासा गळाला लागला की तो प्रवाहाबरोबर खाली धावतो आणि दोर खडकांत अडकतो. अशा वेळी हरिगोलात, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीत, बसून त्याच्यामागे जावे लागते. सोबतीला स्थानिक वाटाडे असत. नदीचा तळ, डोह आणि धार त्यांना तोंडपाठ होती आणि त्यांच्यातले काही जण या कामाला लागण्यापूर्वी चोरून मासे मारणारे होते.

या शिबिरातील नोंदींतून एकूण २३,६२० तासांची मासेमारी आणि ६,१६१ महसीर यांचा हिशेब हाती आला. नोंदलेल्या माशांचे वजन १ पौंडापासून १०४ पौंडांपर्यंत, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा कमी ते सुमारे ४७ किलो इतके होते. हे आकडे किती मोठे आहेत ते लक्षात यावे म्हणून एक हिशेब करून पाहू. एकट्या माणसाने रोज आठ तास, एकही दिवस न चुकता, आठ वर्षे गळ टाकला तर एवढे तास भरतील. आणि सरासरी काढली तर एका माशामागे पावणेचार तासांहून थोडा अधिक वेळ गेलेला दिसतो. ज्याने कधी नदीकाठी सकाळ काढली आहे त्याला या पावणेचार तासांचा अर्थ समजेल. त्यांत पुष्कळ जणांच्या पूर्णपणे रिकाम्या गेलेल्या सकाळी मिसळलेल्या आहेत.

माझ्या मते या वहीचे खरे मोल या रिकाम्या तासांत आहे. माशांच्या जुन्या नोंदींचा स्वभावच असा की त्यांत फक्त यश उरते. कावेरीच्या खोऱ्यातील महसीरांचे दोन जुने विक्रम सर्वश्रुत आहेत : १९२१ साली मरे-एन्स्ली यांनी धरलेला ११९ पौंडांचा मासा आणि १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इन्गेन यांनी कबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा मासा. या दोन आकड्यांवरून एवढेच समजते की त्या काळी त्या पाण्यात एवढा मोठा मासा होता. असे मासे किती होते, त्यांच्यासाठी किती दिवस बसावे लागत असे, मधल्या वजनाचे मासे मिळत होते की नाही आणि पिल्ले दिसत होती की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर विक्रमातून मिळत नाही. विक्रमाची नोंद ही माणसाची नोंद असते. नदीविषयी काही सांगायचे असेल तर किती वेळ पाण्यात गळ होता हे लिहिलेले असावे लागते, कारण दहा तासांत मिळालेला एक मासा आणि दोन तासांत मिळालेला एक मासा या दोन वेगळ्या बातम्या आहेत. गालिबोरच्या नोंदींत ते तास होते आणि म्हणूनच त्या पुढे उपयोगी पडल्या.

पहिले वाचन

इंग्लंडमधील बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर आणि रॉबर्ट ब्रिटन तसेच केरळचे मत्स्यशास्त्रज्ञ राजीव राघवन यांनी या नोंदींचे विश्लेषण करून २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. सगळे महसीर एकत्र धरून पाहिल्यावर दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. दर तासामागे मिळणाऱ्या माशांची संख्या या पंधरा वर्षांत वाढत गेली होती आणि त्याच वेळी एकेका माशाचे सरासरी वजन घटत गेले होते.

मासे जास्त मिळू लागले आणि ते लहान असू लागले, याचा पहिला आणि सरळ अर्थ असा लागतो की नदीत पिल्लांची भर पडत आहे. पूर्वी सुरुंगाच्या दारूने आणि जाळ्यांनी मासे मारले जात असत. मग शिबिर आले, वाटाडे आणि पाहुणे दिवसभर काठावर राहू लागले, धरलेला मासा सोडून दिला जाऊ लागला आणि त्यामुळे तरुण पिढी वाढली. हा अर्थ मुळीच ओढूनताणून काढलेला नाही. मासेमारीच्या अभ्यासात हीच रीत आहे : संख्या वाढते आणि सरासरी आकार घटतो, तेव्हा नवी पिढी जोमाने आलेली असण्याची शक्यता प्रथम तपासली जाते. संरक्षणाचा चांगला परिणाम झाला, एवढे म्हणायला या आकड्यांत आधार होता आणि तो आधार खोटाही नव्हता. त्या पाण्यात महसीर खरोखरच वाढले होते.

फक्त प्रश्न असा होता की कोणते महसीर वाढले होते.

दुसरे वाचन

कावेरीच्या या पट्ट्यात महसीर म्हणून ओळखले जाणारे मासे दोन प्रकारचे आहेत. एक सोनेरी अंगाचा, नारिंगी परांचा आणि डोक्यामागे पाठीवर उंचवटा असलेला. बैलाच्या वशिंडासारखा हा उंचवटा असल्यामुळे मी त्याला येथे वशिंडाचा महसीर म्हणतो. विक्रमांमध्ये ज्याची नोंद आहे तो हा मासा. दुसरा निळसर परांचा, पाठ सरळ असलेला. गळ टाकणाऱ्याच्या हातात दोन्ही आले की दोन्ही महसीरच, आणि दोघांचेही वजन त्याच तानकाट्यावर होते.

संशोधकांनी जुनी छायाचित्रे आणि नोंदी घेऊन हे दोन प्रकार वेगळे केले, तेव्हा आधीच्या चित्राचा अर्थ पालटला. वशिंडाचा महसीर उपलब्ध पुराव्यांत सुरुवातीपासून आढळतो. निळ्या परांचा महसीर मात्र १९९३ नंतरच दिसू लागतो. म्हणजे तो त्या पाण्यात बाहेरून आलेला आहे. आणि पंधरा वर्षांत जी वाढ दिसत होती ती या नव्या माशाची होती. वशिंडाच्या महसीराची संख्या घटली होती, त्याची नवी पिढी येणे जवळपास थांबले होते आणि जे मासे गळाला लागत होते ते पूर्वीच्या काळी जन्मलेले, वाढलेले होते. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लेखात या संशोधकांनी हा मासा नामशेष होण्याच्या दिशेने चालला आहे काय, असा प्रश्न मथळ्यातच विचारला.

एकाच आकडेवारीतून दोन विरुद्ध अर्थ कसे निघू शकतात, हे मला प्रथम नीट उमगले नव्हते. त्यासाठी मी कागदावर एक कल्पित उदाहरण मांडून पाहिले. ते येथे देतो. यातील आकडे गालिबोरचे नाहीत, केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा एका वर्षी ठरावीक तासांत १० मासे मिळाले : ३० पौंडांचे ८ आणि ५ पौंडांचे २. एकूण वजन २५० पौंड, सरासरी २५ पौंड. काही वर्षांनी तेवढ्याच तासांत २० मासे मिळाले, एकूण वजन २८० पौंड भरले आणि सरासरी १४ पौंडांवर आली. संख्या दुप्पट झाली, सरासरी घटली. आता हे २० मासे कोणते? एक शक्यता अशी की ३० पौंडांचे ८ मासे अजून तेथेच आहेत आणि त्यांच्याच जातीची १२ लहान पिल्ले मिळून ४० पौंड भरले. ही नदी निरोगी आहे. दुसरी शक्यता अशी की जुन्या जातीचे फक्त ४ मासे उरले आहेत, तेही वय वाढून ५० पौंडांचे झाले आहेत आणि उरलेले १६ मासे दुसऱ्याच जातीचे, प्रत्येकी ५ पौंडांचे आहेत. दोनशे अधिक ऐंशी, पुन्हा २८०. तास तेच, संख्या तीच, एकूण वजन तेच, सरासरीही तीच. आणि तरी दुसऱ्या नदीत एका जातीचा वंश संपत आलेला आहे. वहीत केवळ ‘महसीर’ एवढाच शब्द असेल तर या दोन नद्यांमध्ये फरक करण्याचा कोणताही मार्ग वाचणाऱ्यापाशी उरत नाही.

आणखी एक भाग मला अधिक अस्वस्थ करतो. या दुसऱ्या नदीवर बसणारा गळकरी आनंदात असतो. त्याला पूर्वीपेक्षा अधिक मासे मिळत असतात. शिवाय अधूनमधून पूर्वी कधी न मिळालेला, ५० पौंडांचा मासाही लागतो आणि त्याचे छायाचित्र भिंतीवर जाते. मोठा मासा लागणे ही नदी चांगली असल्याची खूण आहे, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु एखाद्या जातीचे केवळ मोठेच मासे मिळू लागले आणि लहान मिळेनासे झाले, तर ते गाव तरुणांनी सोडून दिलेले आणि फक्त वृद्ध उरलेले गाव आहे, असे समजावे.

लोणावळ्याचे मासे

निळ्या परांचा महसीर कोठून आला, याचे उत्तर आपल्याकडे येते. या माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. दख्खनच्या प्राण्यांचा अभ्यास करणारे इंग्रज लष्करी अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून, आणि दख्खनच्या अनेक माशांना त्यांनी दिली तशी यालाही येथील बोलीतूनच नाव दिले. म्हणजे हा आपल्या नद्यांचा, कृष्णा-भीमेच्या खोऱ्याचा मासा. लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या धरणांवर १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. माशाला संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी मिळवायची, ती फलित करून उबवायची आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, वाढवून जलाशयांत सोडायची, ही पद्धत तेथे यशस्वी झाली आणि लोणावळ्याची बोटुकली देशातील अनेक राज्यांत गेली. ती कावेरीतही पोहोचली.

हे काम ज्यांनी केले त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. धरणे आणि प्रदूषण यांमुळे महसीर सगळीकडेच घटत असताना त्यांनी एका जातीला आधार दिला, आणि निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या यादीत एकेकाळी धोक्यातील म्हणून नोंदलेला टॉर खुद्री आज सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आहे. पण त्या काळी महसीर म्हणजे महसीर, अशीच सर्वसाधारण समजूत होती. एका खोऱ्यातील जात दुसऱ्या खोऱ्यात सोडल्याने तेथील मूळ जातीवर काय परिणाम होईल, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला जात नसे. नदीत मासे कमी झाले, मासे सोडले, मासे वाढले. हिशेब पूर्ण झाला असे सर्वांना वाटले. वहीत जी चूक एका शब्दाने होते, तीच चूक येथे नदीत बोटुकली सोडताना झाली होती. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दोन माशांना दिलेले एक नाव.

वशिंडाचा महसीर घटण्यामागे केवळ हा पाहुणा मासा आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कावेरीवर वरच्या बाजूस कृष्णराजसागर आणि खालच्या बाजूस १९३४ मध्ये पूर्ण झालेले मेट्टूर अशी धरणे आहेत. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी वरच्या पाण्याकडे जाणाऱ्या माशाची वाट त्यांनी तोडली आणि पाण्याची धार व चढउतार धरणांच्या हाती गेले. वाळूउपसा, सुरुंगाची दारू आणि जाळी हेही आहेच. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींतून ठरवता येत नाही आणि त्यांच्यावर तेवढा भार टाकूही नये. त्या नोंदींनी काय घडत आहे आणि साधारण केव्हापासून घडत आहे एवढे सांगितले. माझ्या दृष्टीने ते पुष्कळ आहे.

नाव नसलेला मासा

या प्रकरणाचा सर्वांत चमत्कारिक भाग असा की २०१५ मध्ये जो मासा संपत चालल्याचे लिहिले गेले, त्याला त्या वेळी निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. लेखाच्या मथळ्यात त्याचा उल्लेख ‘टॉर वंशातील एक जात’ असाच करावा लागला. त्यापूर्वी त्याला अनेकदा मुसुल्ला म्हटले जात असे. पण ते नाव साईक्स यांनी दख्खनच्या पठारावरील एका वेगळ्याच माशाला दिलेले होते. नाव नसलेल्या जातीची धोक्याच्या यादीत सहसा नोंद होत नाही आणि नोंद नसलेल्या जातीसाठी संरक्षणाचा आग्रह धरणेही अवघड जाते.

हा गुंता २०१८ मध्ये सुटला. पिंडर, राघवन, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत काम केलेले नीलेश डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी कावेरीच्या खोऱ्यातील मोयार नदीत मिळालेल्या माशांची शरीररचना आणि जनुके तपासून असे दाखवले की वशिंडाचा महसीर म्हणजे टॉर रेमादेवी. केरळातील पांबार नदीतल्या, म्हणजे कावेरीच्याच एका उपनदीतल्या, लहान माशांवरून ही जात त्याआधीच वर्णिली गेलेली होती आणि भारतीय प्राणिसर्वेक्षणातील डॉ. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ तिला ते नाव देण्यात आले होते. शंभर पौंडांच्या विक्रमी माशाचे आणि त्या लहान नमुन्यांचे नाते तोवर कोणी जोडलेले नव्हते. नाव निश्चित होताच त्याच वर्षी या जातीची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. वन्य अवस्थेत नामशेष होण्यापूर्वीची ही शेवटची पायरी आहे.

नोंदींच्या मर्यादा

गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींवर किती विसंबावे, हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळता कामा नये. मोठ्या माशाच्या आशेने आलेला माणूस मोठा गळ आणि मोठा गोळा वापरतो. साहजिकच लहान मासे त्याच्या नोंदीत कमी येतात. जेथे मासा लागल्याचे ऐकले तेथेच सगळे बसतात, त्यामुळे नदीचा मोठा भाग नोंदीबाहेर राहतो. नवशिका आणि मुरलेला यांचा एक तास सारखा मोजला जातो, हेही खरे आहे. अंदाजाने वजन लिहिण्याची सवय तर सर्वत्र आढळते आणि अंदाज नेहमी वरच्याच बाजूला झुकतो.

तरीही गालिबोरची आकडेवारी टिकली, याची मला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे पद्धत पंधरा वर्षे फारशी बदलली नाही : तेच पाणी, तसेच आमिष, त्याच प्रकारची साधने, तेच वाटाडे. चूक असलीच तरी ती दरवर्षी साधारण एकाच प्रकारची होती आणि म्हणून वर्षांची एकमेकांशी तुलना करता येत होती. दुसरे कारण छायाचित्रांचे. मासा सोडून द्यायचा असल्याने आठवण म्हणून त्याचे छायाचित्र काढले जात असे. ते काढताना कोणाच्याही मनात शास्त्र नव्हते. पण पाठीचा उंचवटा आणि परांचा रंग त्या चित्रांत उमटला होता आणि लेखणीने जे सोडून दिले ते पुढे त्या चित्रांतून वाचता आले. छायाचित्रे नसती तर दुसरे वाचन शक्य झाले नसते असे मला वाटते.

माझ्या वहीत झालेले बदल

हे सर्व समजल्यानंतर मी माझी जुनी वही काढून पाहिली. पहिल्या काही वर्षांच्या पानांवर तारीख, ठिकाण, मासा आणि अंदाजे वजन एवढेच होते आणि जवळपास प्रत्येक पानावर मासा होता. वास्तविक मी त्या काळात कितीतरी वेळा रिकाम्या हाताने परतलो होतो. त्या फेऱ्या लिहिण्यासारख्या नाहीत असे समजून मी लिहिल्याच नव्हत्या. त्या पानांवरून मला आज एवढेच कळते की कधीतरी मासे मिळाले होते. त्या नदीत मासे वाढले की घटले, हे सांगण्याचा हक्क मी स्वतःच्या हाताने घालवला आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मी काठावर बसताच पहिली ओळ लिहितो : गळ पाण्यात पडल्याची वेळ. उठताना दुसरी वेळ लिहितो आणि किती काठ्या लावल्या होत्या तेही. मासा मिळो न मिळो, या दोन ओळी चुकत नाहीत. वजनापेक्षा लांबीवर माझा भर असतो, कारण अंडी भरलेल्या मादीचे वजन आणि तिचेच दोन महिन्यांनंतरचे वजन यांत फरक पडतो, लांबीत मात्र पडत नाही. शिवाय माशाला दोराने टांगण्यापेक्षा ओल्या कापडावर मोजपट्टीशेजारी क्षणभर ठेवणे त्याला कमी त्रासाचे असते. त्याच वेळी डाव्या कुशीचे एक छायाचित्र घेतो, नेहमी डाव्याच, म्हणजे पुढे दोन मासे शेजारी ठेवून पाहता येतात. पाणी गढूळ की निवळ, चढते की उतरते, आमिष कोणते, एवढे दोन-तीन शब्दांत उरकतो. वाऱ्याची दिशा, चंद्राची कला वगैरे रकाने मी एकेकाळी आखले होते; ते भरण्याचा कंटाळा येऊन अख्खी फेरीच लिहायची राहून जाऊ लागली, तेव्हा मी ते काढून टाकले. जी वही दहा वर्षे भरली जाईल इतकी लहान आहे तीच ठेवावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

जातीच्या रकान्यात मात्र मी फार सावध झालो आहे. आमच्या धरणांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली जातात, तिलापिया आपोआप पसरला आहे आणि मूळच्या नदीतल्या लहान जातींना काठावरची माणसे अनेकदा एकाच नावाने हाक मारतात. त्यामुळे ओळख पटली नाही तर मी बळेच नाव लिहीत नाही. ‘ओळखला नाही’ असे लिहून छायाचित्राचा क्रमांक देतो. स्थानिक कोळी दादा जे नाव सांगतात ते वेगळ्या जागी, त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवतो. साईक्स यांनी खुद्री हे नाव असेच कोणाच्या तरी तोंडून ऐकले असणार.

नोंदी थांबल्यानंतर

गालिबोरच्या नोंदी २०१२ मध्ये संपतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात मासेमारीला, मासा जिवंत सोडून दिला तरीही, जागा नाही, असा अर्थ लावला गेला आणि कावेरीवरील ही शिबिरे गळ टाकणाऱ्यांसाठी बंद झाली. या निर्णयाची दुसरी बाजू मला कळते. अभयारण्यातील प्राण्याला करमणुकीसाठी त्रास देऊ नये, हे तत्त्व सहज बाजूला सारता येण्याजोगे नाही, आणि गळाला लागून सुटलेला प्रत्येक मासा जगतोच असेही नाही. परंतु पिंडर आणि राघवन यांनी मांडलेला मुद्दाही तितकाच वजनाचा आहे : काठावर दिवसभर माणसे असत तोवर सुरुंगवाल्यांना आणि जाळेवाल्यांना धाक होता आणि वाटाड्यांच्या घरची चूल जिवंत माशावर चालत होती. मला स्वतःला असे वाटते की बंदी आणताना वर्षातून ठरावीक दिवस, ठरावीक ठिकाणी, त्याच वाटाड्यांकडून तीच नोंद चालू ठेवण्याची व्यवस्था करायला हवी होती. गळ नको असेल तर निदान डोहांत दिसणाऱ्या माशांची मोजणी तरी.

वशिंडाच्या महसीराला नाव मिळाले आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला ते २०१८ साल. गळ टाकणाऱ्यांची शेवटची नोंद २०१२ ची. ज्या सहा वर्षांत त्या पट्ट्यातल्या उरलेल्या म्हाताऱ्या माशांचे काय झाले हे कळणे सर्वांत गरजेचे होते, त्या सहा वर्षांच्या जागी गालिबोरच्या वहीत कोरी पाने आहेत. आणि ती पाने कोरी आहेत म्हणजे मासा मिळाला नाही असे नाही, तेथे कोणी बसलेच नव्हते.